एक अंगात, एक पिशवीत

आई, तुमच्या मंजूचा काल इंदूरहून पुन्हा फोन आला. पल्लवीला मुलगी झाली. तुमचा तेरावा होतो न होतो तोच झाली, म्हणजे नातीचं मूल मांडीवर घ्यायचं तुमचं थोडक्यात हुकलं. आता बारसं ठरलंय आणि बारशाला बाळाच्या अंगात तुमच्या कपड्याचं झबलं हवंय. माणूस भरपूर जगून, सगळं बघून गेलं की त्याच्या जुनेराचं झबलं शिवायचं, म्हणजे बाळालाही तेवढं आयुष्य लाभतं, अशी आपल्यातली रीत. मंजू म्हणाली, "वहिनी, आईची एखादी जुनी सुती साडी दे नं. वापरून वापरून मऊ झालेली. इतक्या साड्यांमधून एक."

इतक्या साड्या! मला हसू आलं. तिला वाटलं मी रडतेय, म्हणून तीही रडायला लागली. मग मला खरंच रडू आलं. फोनवर दोघी नाक ओढत राहिलो.

तिला काय सांगू? सगळे पाहुणे पांगल्यावर मी तुमचं कपाट उघडलं होतं. दोन सिंथेटिक साड्या, त्यांवरचे परकर, एक शाल, दोन टॉवेल. दाराआडच्या खुंटीला तुमची पाठीवरची पिशवी. संपलं. सुती साड्यांचं काय झालं ते मला माहीत आहे. आपल्या इंद्रपुरीतल्या अर्ध्या घरांमधल्या गोधड्यांत तुम्ही आहात. सिंथेटिकचं झबलं काही कुणी शिवत नाही. राहता राहिला तो पिशवीतला मेरिनो लोकरीचा टी-शर्ट. वांगी रंगाचा, लांब बाह्यांचा, लोण्यासारखा मऊ. बाळाच्या अंगाला चालेल असं तुमचं एवढंच मागे उरलंय.

आणि तो मला द्यायचा नाही. आधीच सांगून टाकते. तुम्ही गेलात म्हणून तुमच्याशी गोड बोलायला लागेन असं समजू नका.

भेटायला आलेली माणसं काय म्हणत होती, ऐकायला हवं होतंत. दुपारी पडल्या आणि उठल्याच नाहीत, पुण्यवान बाई. कुणाला त्रास नाही, कुणाकडून सेवा नाही, कशा हलक्या हाताने गेल्या. मंडळातल्या देशपांडेबाईंनी तर कमालच केली. "त्यांना कमी सामानात प्रवासाची सवयच होती हो," म्हणाल्या. मी चहाचे कप गोळा करायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्यावर ते इतक्या जोरात आदळले की एकाचा कान तुटला. हलक्या हाताने गेल्या म्हणे. माणूस हलकं जातं तेव्हा मागच्याच्या हाताला काहीच लागत नाही, हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही?

तुमचं आणि लोकरीचं फार जुनं. मी नाशिकहून लग्न होऊन ह्या घरात आले, तेव्हा पहिल्या चैत्रात तुम्ही माझ्या हातात धाबळी ठेवली होतीत. देवाचा स्वयंपाक सोवळ्यात करायचा आणि सोवळं म्हणजे ती लोकरीची, घोंगडीसारखी खरखरीत धाबळी गुंडाळून करायचा. बाहेर भोपाळचं ऊन, आत शेगडी, अंगावर धाबळी. पुरण वाटता वाटता मला पाठ ओट्याच्या कडेला घासावी लागायची. मी म्हटलं, "आई, धुतलेली सुती साडी नेसले तर नाही का चालणार?" तुम्ही ग्वाल्हेरच्या, तुमचं ठरलेलं होतं. "सुती कपड्याला लगेच विटाळ होतो गं. हात लागला की गेलं. लोकरीला विटाळ नाही, लोकर धुवायला नको. आमच्या आजीची एक धाबळी पूरी जिंदगी चालली." तेव्हापासून लोकर म्हटलं की माझ्या अंगाला खाज सुटते. तुम्ही मला नंतर मेरिनोत घालायचा एवढा खटाटोप केलात तो का फसला, ह्याचं मूळ तिथे आहे.

तुमचा सुधीर गेला आणि तुमचं सोवळंही गेलं. तुम्ही ते सोडलंत असं कधी म्हणाला नाहीत. एक दिवस धाबळी दोरीवर दिसली नाही, एवढंच. देवाला दुधाची वाटी दाखवायला लागलात. मी विचारलं नाही.

विचारलं नाही, कारण तेव्हा आपण बोलतच नव्हतो. ह्यावर तुमचं-माझं कधी पुरं झालं नाही, म्हणून आता एकटीच बोलते. सुधीरचे दिवस झाले आणि मी बँकेत परत हजर व्हायला एम. पी. नगरला गेले. संध्याकाळी आले तर त्याचं कपाट रिकामं. शर्ट, पँटी, कारखान्याचे खाकी कपडे, बूट, पट्टे, सगळं. हँगर तेवढे लटकत होते. तुम्ही दारात सूप घेऊन गहू निवडत होतात. "वाटून टाकलं," म्हणालात. "चौकीदाराच्या पोरांना होईल. ठेवून काय करायचं? कसर लागेल."

कसर लागेल! माझ्या नवऱ्याच्या कपड्यांना कसर लागेल, म्हणून तुम्ही मला न विचारता ते देऊन टाकलेत. तो तुमचा मुलगा होता, हे मला कळत होतं. पण एक शर्ट, एक तरी, त्याच्या बायकोला विचारून द्यावा, हे तुम्हाला कळलं नाही. ती संध्याकाळ मी तुम्हाला माफ केली नाही. तुम्ही कधी माफी मागितलीही नाहीत. जेवायला वाढताना "आणखी घे" म्हणायचात, तेवढंच.

एक गोष्ट तुमच्या हातून सुटली होती. त्याचा राखाडी स्वेटर ड्रायक्लीनिंगला होता. तुम्हीच विणलेला, तो कारखान्यात लागला त्या हिवाळ्यात. गळाबंद, जाडजूड, रात्रपाळीला जाताना घालायचा. ओला झाला तर दोन माणसांनी दोन टोकांना धरून पिळावा, असा जड. मी तो दुकानातून आणला आणि तुमच्या नजरेस न पडता माझ्या मोठ्या पेटीच्या तळाशी, चादरीखाली घातला. पेटी पलंगाखाली ढकलली. त्या दिवसापासून तो तिथे होता.

आणि आपला प्रवास तुम्हीच सुरू केलात, हेही सांगायला हवं. एके दिवशी ताटावरून उठता उठता म्हणालात, "वसू, आपण दोघी इथे बसून एकमेकींचं तोंड बघून राहिलो. चल, दुसरं काही बघू." मला वाटलं उज्जैन, ओंकारेश्वर. तुम्ही म्हणालात कौसानी. कुठल्याशा मासिकात बर्फाचे डोंगर बघितले होते तुम्ही.

पहिल्या त्या प्रवासाला तुमच्याकडेही मोठी ट्रंक होती, आठवतं? सात साड्या, सात ब्लाउज, देवांचा डबा, सातूचं पीठ. ते सगळं सुटलं त्या बंगळूरच्या मुलीमुळे. आपण उतरलो होतो त्या घरी जेवणाच्या टेबलाला रोज समोर बसायची, रोज त्याच हिरव्या टी-शर्टात. दिवसभर डोंगर चढून यायची. तुमचं नाक म्हणजे दूध नासायच्या आधी तुम्हाला कळायचं. तिसऱ्या दिवशी तुम्हाला राहवलं नाही.

"बेटा, तुम रोज यही पहनती हो?"

"हाँ आंटी. पाँच दिन हो गए."

"बास नहीं आती?"

"सूँघ के देखिए," म्हणत तिने दंड पुढे केला. मला लाजेनं कुठे बघू झालं. तुम्ही मात्र खरंच वाकून हुंगलंत. मग चिमटीत कापड धरून चोळलंत. तिने सांगितलं, मेरिनो नावाच्या मेंढीची लोकर आहे, घाम शोषते, वास धरत नाही, रात्री खुर्चीवर टाकली की सकाळी ताजी. थंडीत ऊब देते, उन्हात चिकटत नाही. दोन असले की महिनाभर फिरता येतं. तुम्ही माझ्याकडे वळलात तेव्हा तुमचा चेहरा सुधीर गेल्यापासून मी पाहिला नव्हता असा झाला होता.

"वसू, ही तर धाबळी आहे गं! मऊ धाबळी!" आणि तिला म्हणालात, "हमारे यहाँ भी यही मानते हैं. ऊन को छूत नहीं लगती."

"वही तो, आंटी!" ती म्हणाली. दोघींचं शंभर टक्के पटलं. एक जण विटाळाबद्दल बोलतेय आणि दुसरी घामाबद्दल, हे त्या टेबलावर मला एकटीलाच कळत होतं.

घरी आल्या आल्या माझ्या मागे लागून दोन टी-शर्ट मागवून घेतलेत. एक वांगी, एक राखी. किंमत ऐकून मी डोक्याला हात लावला. तुम्ही ब्लाउजच्या जागी तेच घालायला लागलात, वरून साडी. मंडळाच्या हळदीकुंकवाला तसेच गेलात. बायका बघतच राहिल्या. "एक अंगात, एक पिशवीत," हे तुम्ही त्यांना इतक्या वेळा ऐकवलंत की त्या पाठमोऱ्या झाल्या की तुमची नक्कल करायच्या. धुणं मात्र कुणाच्या हाती दिलं नाहीत. रिठ्याच्या गार पाण्यात बुडवायचं, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं, खाटेवर आडवं पसरायचं. दोरीवर टाकलं तर ओघळून लांब होतं म्हणून मला दोनदा बोलणी बसली.

आणि कबाडीवाल्याचा तो प्रसंग. मुन्शियारीला निघायच्या आदल्या दिवशी तो रद्दी न्यायला आला, तेव्हा तुम्ही तुमची पिशवी त्याच्या काट्याला अडकवलीत. "अम्माजी, ये भी बेचनी है?" त्याने विचारलं. "बेचनी नहीं, भैया. पूरी गृहस्थी है हमारी. ठीक से तौलो." मग माझ्या पेटीकडे बोट दाखवून, "अब इसको तौलो." काटा खालपर्यंत गेला. तो हसला, तुम्ही हसलात. मला आवडलं नाही. "आपण फिरायला चाललो नं गं," तुम्ही म्हणालात, "बदली थोडीच झाली आहे?"

ह्या पेटीवरून आपण दर प्रवासाआधी भांडलो. तुमचं म्हणणं, मी सगळ्या 'जर'साठी सामान घेते. जर पाऊस आला, जर गाडी रखडली, जर जेवण बरं नसलं, जर कुणी घरी बोलावलं. "जर आला तर तेव्हा बघू. दुनियेत दुकानं आहेत." मी म्हणायची, सगळ्यांना तुमच्यासारखं सोडता येत नाही. हे वाक्य मी मुद्दाम म्हणायची. त्यात कपाटही होतं. तुम्हाला ते लागायचं की नाही, तुमच्या चेहऱ्यावरून कधी कळलं नाही.

पेटीत चिवडा होता, इस्त्री होती, गरम पाण्याने शेकायची पिशवी होती. सगळं खरं. पण ती जड का होती, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्या मुलाला कपाटातून घालवलंत ना, मी त्याला कौसानीला नेला, मुन्शियारीला नेला, चोपत्याला नेला. मुक्कामी पोचलं की तुम्ही बाहेर डोंगर बघत उभ्या राहायचात, तेव्हा मी पेटीत हात घालून तळाशी चाचपायची. बाहेर कधी काढला नाही. त्याला बर्फ दाखवायचं राहून गेलं होतं. आम्ही ठरवायचो आणि कारखान्याची सुट्टी रद्द व्हायची. मूर्खपणा आहे, मला कळतं. पण तो मूर्खपणा नसता तर मी तुमच्याबरोबर कुठेच गेले नसते.

मुन्शियारीच्या त्या गेस्टहाउसच्या पायऱ्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. वर जायला कोणी हमाल मिळाला नाही. तुमची पिशवी पाठीवर, हात मोकळे. मी पेटी दोन्ही हातांनी ओढत होते. तुम्ही चार पायऱ्या वर गेलेल्या खाली आलात आणि पेटीचं एक टोक धरलंत. पंचाहत्तरी उलटलेल्या तुम्ही. मी नको म्हटलं, ऐकलं नाहीत. मधल्या वळणावर थांबलो. तुम्हाला धाप लागली होती.

"काय भरलं आहेस गं? दगड?"

"गरम कपडे," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता भाषण. पण म्हणालात, "असू दे. पकड नीट, भिंतीला घासू नको." पुढच्या पायऱ्या आपण अशा चढलो की जणू आत काचेचं सामान होतं.

ह्या वर्षी राणीखेत ठरत होतं. तुमच्या शेवटच्या संध्याकाळी आपलं नेहमीचंच झालं. तुम्ही म्हणालात, "ह्या वेळी तुझ्यासाठी पण मेरिनो मागवते. ती पेटी घरी ठेव." मी म्हटलं, मी मेंढी नाही, आणि पेटी येणार. "मग मी नाही येत." "नका येऊ." मग तुम्ही वरण जास्त पातळ झालंय म्हणालात आणि आपण जेवलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही पडलात. त्या भांडणाचं मला वाईट वाटत नाही, ते आपलं पंचांगाइतकं ठरलेलं होतं. वाईट ह्याचं वाटतं की नेहमी दोन दिवसांनी तुम्ही विषय पुन्हा काढायचात, तो आता कोण काढणार?

राखी टी-शर्ट तुमच्या अंगात होता, तो त्या गडबडीत कुठे गेला मला माहीत नाही. बायकांनी तुम्हाला आंघोळ घालून नवी साडी नेसवली, तेव्हा काढून कुणी तरी बाहेर ठेवला असेल. मी विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. म्हणून पिशवीतल्या वांगी टी-शर्टवर माझा जीव. सगळे गेल्यावर मी तो काढला आणि तोंडाशी धरला. खोल श्वास घेतला. काही नाही. रिठ्याचा जरासा, तोही असेल-नसेल. तुम्ही तो किती वर्षं घातलात, किती डोंगर चढलात त्यात, आणि त्याने तुमचं काही म्हणून ठेवून घेतलं नाही. वास धरत नाही म्हणून तुम्हाला तो आवडला होता. मला नेमकं तेच हवं होतं. मी पलंगावर बसून त्या मेंढीला शिव्या दिल्या.

तरी तो माझाच, असं मी ठरवलं. मंजूला लेक आहे, जावई आहे, आता नात आहे. इथे सुधीर नाही, मूलबाळ नाही, तुम्ही नाही. ह्या घरात मी कुणाची कोण, असं कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे एक टी-शर्ट तरी असू दे. बारशाला जायचं, चांदीचा वाळा घालायचा, साडी सापडली नाही म्हणायचं आणि यायचं. एवढं ठरवून मी आज दुपारी पेटी पलंगाखालून ओढली.

वरचं सगळं बाहेर काढलं. आता घरात चोरून चाचपायचं कारण उरलं नव्हतं. तुमच्यापासूनच तर लपवत होते. म्हणून चादर उचलली आणि स्वेटर चांगला दोन्ही हातांनी बाहेर काढला. घडी उलगडली तशी आतून एक पुरचुंडी पडली. मलमलीच्या फडक्यात कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचा तुकडा. पाला वाळला होता, पण अजून हिरवा होता. ह्याच हिवाळ्यातला.

मी कधी पाला घातला नाही, आई. मला सुचलंही नाही. मी स्वेटर आत घातला, झाकला आणि जपला, एवढंच.

मग उजेडात नेऊन बघितला. डाव्या कोपरावर रफू होता. रंग जुळवलेला, तरी एक छटा फिकट. काठाकडे आणखी एक, बोटभर. तुमचे टाके मी कुठेही ओळखेन. पण कोपरावरचे सरळ होते आणि काठाचे वाकडे, हात थरथरायला लागल्यानंतरचे. म्हणजे एकदा नाही, वर्षानुवर्षं. मी बँकेत गेले की तुम्ही पेटी ओढायचात, चिवड्याच्या डब्यापासून इस्त्रीपर्यंत सगळं उपसायचात, स्वेटर काढून झटकायचात, बघायचात, शिवायचात, नवा पाला घालायचात आणि माझी मेली चादर जशीच्या तशी वर पसरायचात. मी ठेवलेली घडी कधी बदललेली दिसली नाही मला. त्याला कसर लागली होती, तुम्ही म्हणाला होतात तशीच. ती मला कळायच्या आत काढत बसायचं काम तुम्ही तुमच्याकडे घेतलं होतं.

मी जमिनीवरच बसले. चहाची वेळ टळून गेली. कोणी 'वसू, चहा' म्हणालं नाही.

कधी कळलं तुम्हाला? पहिल्याच प्रवासात? मुन्शियारीच्या त्या पायऱ्यांवर तुम्ही काय उचलत होतात हे तुम्हाला ठाऊक होतं, हे आता मी शपथेवर सांगेन. मला वाटायचं मी एकटी त्याला घेऊन फिरतेय. दरवर्षी तुम्ही माझ्याशी पेटीवरून भांडत होतात आणि दरवर्षी ती पेटी प्रवासाला नेण्याजोगी ठेवत होतात. मग सांगितलं का नाहीत? सांगितलं असतंत तर आपण तो बाहेर काढला असता. रात्री थंडीत तुमच्या पायांवर टाकला असता. त्याच्याबद्दल बोललो असतो. सुधीर गेल्यावर त्याच्याबद्दल आपण दोघी एकदाही नीट बोललो नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

राग गेला म्हणत नाही. कपाट रिकामं केलंत ते चूकच, मी अजूनही म्हणेन. पण कपाट दिसलं की तुम्हालाही सोसवत नसेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. तुम्ही गहू निवडत होतात हे मी धरून बसले. तुमच्या सुपात गहू होते की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी मीच मंजूला फोन लावला. म्हटलं, साडी नाही, आईंचा मेरिनोचा टी-शर्ट आहे, फार मऊ आहे, बाळाला टोचणार नाही. कापायला मीच शिकवीन. आणि धुताना गार पाणी, रिठा, आडवं वाळत घालायचं. मशीनला लावलास तर बाहुलीला होईल.

ती म्हणाली, "वहिनी, मग तुझ्याकडे आईचं काय राहील?"

"असेल काहीतरी," मी म्हटलं.

"नाही गं, असं नको करू. मला माहीत आहे काही नसलं की कसं वाटतं. दादाचं माझ्याकडे काहीच नाही. एक रुमाल पण नाही. तेव्हा मी इंदूरला परत आले आणि मागायला फोन केला, तर आई म्हणाली, वाटून झालं. मी तुला कधी बोलले नाही. म्हटलं, वहिनीला काय विचारायचं, तिचंच दुःख मोठं."

इतकी वर्षं, आई. मी समजत होते त्या दिवशी कपाट फक्त माझंच रिकामं झालं.

तिला फोनवर काही सांगितलं नाही. पण उद्या सकाळी इंदूरची बस धरायची आहे आणि पहाटे थंडी असते. सगळ्यात जड कपडा सामानात भरायचा नाही, अंगात घालायचा, हे हलक्या सामानवाल्यांचं पहिलं कलम आहे म्हणे. तेव्हा मी स्वेटर घालून जाणार आहे. तुमचा मुलगा पेटीच्या तळाशी पुष्कळ फिरला. मंजू दार उघडेल तेव्हा तिला आधी तोच दिसेल. ओळखेल. मागेल का? मागितला तर देईन का? मला खरंच माहीत नाही. पण हातात तर घेऊ दे. तिच्या भावाचा आहे आणि तिच्या आईच्या हातचा आहे.

आरशासमोर घालून बघितला आत्ता. खांद्यांतून घसरतो, बाह्या बोटांवर येतात. टोचतोही. मी काढला नाही.

बाकीचं सामान तुमच्या पिशवीत मावलं. तुमचा टी-शर्ट, एक साडी, बाळाचा वाळा, ब्रश. पट्टे तुमच्या मापाला ओढलेले आहेत, मला जरा आखूड होतात, पण मी ते सोडले नाहीत. पाठीवर टाकून दिवाणखान्यात दोन फेऱ्या मारल्या. तुम्ही म्हणायचात ते सगळं खरं निघालं. गुडघ्यावर भार येत नाही. हमाल बघायला नको, रिक्षावाल्याला विनवायला नको, कुणाला हाक मारून "जरा धर गं" म्हणायला नको. एक हात कुलपाला आणि एक किल्लीला, दोन्ही माझेच पुरतात. फक्त एक गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नाहीत. ती तुम्हालाही ठाऊक नसणार, कारण तुमच्याबरोबर कायम मी होते. सामान हलकं झालं, आई, की दुसरं माणूस लागत नाही.